कॉलेजमध्ये बास्केटबॉल शिकवायचंय? मराठवाड्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपल्या की शेवटच्या वर्षाची मुलं हटकून विचारतात, "सर, आता यातच काही करता येईल का?" पालकांचे प्रश्न वेगळे असतात आणि नव्याने रुजू झालेल्या क्रीडा संचालकांचे आणखी वेगळे. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपल्याकडे या खेळाला मुलं भरपूर मिळतात, शिकवणारी माणसं कमी पडतात. म्हणून जे येऊ पाहतात त्यांना खरं काय ते सांगायला हवं, पगारासकट.

कॉलेजात 'बास्केटबॉल प्रशिक्षक' अशी जागा निघते का?

नाही. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात पद असतं शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं, आणि तेही एकच. त्या एका माणसाने कबड्डी, कुस्ती, क्रॉसकंट्री, बुद्धिबळ असे सगळे संघ उतरवायचे, पात्रता अर्ज भरायचे, प्रवासभत्त्याची बिलं लावायची आणि वेळ उरला तर मैदानावर उभं राहायचं. 'बास्केटबॉलचे सर' म्हणून गावात ज्यांची ओळख असते ते बहुतेक वेळा असे क्रीडा संचालकच असतात. बाकीचे म्हणजे क्लबचे जुने खेळाडू, शाळेतले क्रीडा शिक्षक किंवा क्रीडा खात्याचे मार्गदर्शक.

विद्यापीठ संघाला प्रशिक्षक असतो, पण ती नेमणूक सराव शिबिर आणि स्पर्धेपुरती. आपल्या भागात दोन विद्यापीठं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. तुम्ही कुठल्या जिल्ह्यात काम करता त्यावर तुमची मुलं कुणाकडून खेळणार आणि तुमचं नाव कुठल्या समितीपुढे जाणार हे ठरतं.

थोडक्यात, ही कारकीर्द एका नेमणूकपत्रात मिळत नाही. नोकरी, सकाळचा सराव, विद्यापीठाची ड्यूटी, सुट्टीतलं शिबिर आणि पंचगिरी असे तुकडे जोडून ती उभी करावी लागते.

त्यासाठी शिकावं काय?

क्रीडा संचालक व्हायचं तर सरळ रस्ता असा आहे: कुठलीही पदवी, मग दोन वर्षांचं बीपीएड (शारीरिक शिक्षणातली पदवी), मग दोन वर्षांचं एमपीएड (त्यातलीच पदव्युत्तर पदवी). एमपीएडला किमान ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर नेट किंवा सेट, म्हणजे कॉलेजातल्या नेमणुकीसाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि शारीरिक शिक्षण हा त्यात स्वतंत्र विषय आहे. शिकायला फार लांब जायलाच हवं असं नाही. संभाजीनगरला खडकेश्वरमध्ये मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे.

एक गोष्ट मुलं विसरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत क्रीडा संचालकपदासाठी धावण्याची चाचणी आहे. पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत ३० वर्षांपर्यंत १८०० मीटर आणि ४० वर्षांपर्यंत १५०० मीटर जायचं असतं. महिलांना ८ मिनिटांत याच वयोगटांसाठी १००० आणि ८०० मीटर. आकडे अवघड नाहीत. पण सेटच्या मागे लागून चार वर्षं अभ्यासिकेत बसलेल्या माणसाला ते अवघड जातात. सेटच्या पेपर एकचा अभ्यास करताना सकाळचं ग्राउंड सोडू नका.

एमपीएड करावं की एनआयएस?

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. एमपीएड-सेटमुळे तुम्ही क्रीडा संचालकाच्या मुलाखतीला पात्र ठरता. पतियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजेच एनआयएसचा डिप्लोमा तुम्हाला खेळ शिकवायला शिकवतो. ही संस्था १९६१ पासून देशाला प्रशिक्षक देते आहे. क्रीडा खात्यातला क्रीडा मार्गदर्शक किंवा साईचा (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा) प्रशिक्षक व्हायचं असेल तर हाच डिप्लोमा विचारला जातो. पूर्ण वेळ जाणं शक्य नसेल त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरीत असलेल्यांनी तो उन्हाळ्यात करून घ्यावा.

माझं मत विचाराल तर वय २५च्या आत असेल आणि घरची फार ओढाताण नसेल, तर आधी एनआयएस. तिथे देशभरातले खेळाडू एका मैदानावर भेटतात, आणि आपल्याकडे ज्याला आपण 'चांगला डिफेन्स' म्हणतो तो नेमका कुठे तोकडा पडतो हे डोळ्यांनी दिसतं. जाणंही सोपं आहे. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत अंबाल्याला पोचते आणि तिथून पतियाळा जवळच आहे.

याखेरीज आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणजे फिबाचं प्रशिक्षक प्रमाणपत्र असतं. त्याच्या पहिल्या पातळीची शिबिरं भारतीय बास्केटबॉल महासंघाने घेतलेली आहेत. राज्य संघटनेकडे चौकशी ठेवावी.

पगार किती मिळतो?

पूर्णवेळ, मान्यताप्राप्त क्रीडा संचालकाला सहायक प्राध्यापकाइतकंच वेतन आहे. सातव्या वेतन आयोगानुसार लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. यावर घर चांगलं चालतं.

अडचण तिथपर्यंत पोचण्याची आहे. जागा रिकाम्या राहतात, भरती थांबते, आणि मधल्या काळात तासिका तत्त्वावर माणूस घेतात. क्रीडा संचालकाचं काम तासांत मोजता येत नाही. पहाटे सहाचा सराव कुठल्या तासात धरायचा? परगावच्या स्पर्धेतली रात्र कुठे लिहायची? त्यामुळे हातात पडणारं मानधन आणि केलेलं काम यांचा मेळ बसत नाही, आणि सुट्टीत तेही बंद होतं. सेट झालेली, विद्यापीठ खेळलेली हुशार मुलं या रखडपट्टीत मैदान सोडून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक उघड गुपित आहे. काही ठिकाणी जागेसाठी पैसे मागतात. बापाचं शेत विकून ते भरू नका. त्याऐवजी एमपीएससीतून निघणारी तालुका क्रीडा अधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी ही पदं, मार्गदर्शकाची पदं आणि शहरातल्या मोठ्या शाळांच्या नोकऱ्या यांच्याकडे बघा. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या सीबीएसई शाळांत अंगणातच कोर्ट असतं आणि त्यांना बास्केटबॉलचा माणूस हवा असतो. तिथून सुरुवात करून पुढे कॉलेजात आलेले लोक आहेत.

मी स्वतः विद्यापीठापर्यंत खेळलो नाही. उंचीही बेताची. माझं ऐकणार कोण?

खेळ शोधणाऱ्या माणसाची गोष्ट घ्या. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ तयार केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त आहेत. कॅन्ससच्या इतिहासात असा हिशेब असलेले ते एकटेच प्रशिक्षक. पण त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग अ‍ॅलन नामांकित प्रशिक्षक झाले, आणि अ‍ॅलन यांच्या हाताखालून अ‍ॅडॉल्फ रप आणि डीन स्मिथ आले. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा निम्मा इतिहास या एका घराण्यात आहे.

खेळलेलं असणं उपयोगाचं आहेच, कारण दमलेल्या खेळाडूचा पाय कसा पडतो हे अंगाला माहीत असतं. पण शिकवणं ही वेगळी विद्या आहे. पोरं तुमचं मेडल बघत नाहीत. तुम्ही पावसात आलात का, ते बघतात.

आमच्याकडची पोरं कबड्डी-खो-खोची. कॉलेजात येईपर्यंत बास्केटबॉल हातात धरलेला नसतो. अठराव्या वर्षी शिकवून काही होतं का?

होतं, आणि हाच या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

कबड्डी खेळलेल्या मुलाला डिफेन्सची बैठक शिकवावी लागत नाही. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, नजर समोरच्याच्या कमरेवर. शहरातल्या मुलाला हे शिकवताना घाम फुटतो, याला ते आठवीपासून येत असतं. त्याची खोड एकच: माणूस जवळ आला की पकडायचं. पहिल्या सामन्यात हा मुलगा दुसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाउल होऊन बाहेर बसतो. त्यावर साधा उपाय आहे. गळ्यात मोठी दस्ती किंवा टॉवेल टाकायचा, दोन्ही टोकं दोन हातांत घट्ट धरायला सांगायची आणि मग ड्रिबल करणाऱ्याच्या, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे नेणाऱ्याच्या समोर कोर्टभर सरकायला लावायचं. हात अडकले की पाय काम करायला लागतात. रोज दहा मिनिटं केलं तर महिनाभरात फरक दिसतो.

खो-खोचे धावपटू हुलकावणीत पटाईत असतात, त्यांना बॉल घेऊन निसटायला लवकर जमतं. पण आक्रमक म्हणून वाढलेल्या खेळाडूला एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, असं नियमानेच लागलेलं असतं. त्याला पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून मागे फिरणं, मुद्दाम घोटून घ्यावं लागतं.

लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी घेत बॉल टाकणं, मात्र सगळ्यांना शून्यापासून. धावत येतात, रिंगखाली दोन्ही पाय जोडून थांबतात आणि बॉल वर भिरकावतात, नाहीतर चार पावलं टाकतात आणि शिट्टी वाजते. मी ते उलट्या बाजूने शिकवतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला रिंगच्या उजवीकडे, एका पावलावर उभं करायचं. डावा पाय पुढे. उजवा गुडघा वर घेत उडी, आणि बॉल बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला हलकाच लावायचा. इथे ड्रिबल नाही, धावणं नाही. हे दहापैकी आठ वेळा जमलं की मागे एक पाऊल: उजवा, डावा, वर. मग एक ड्रिबल. मग अर्ध्या कोर्टावरून. सिमेंटवर खडूने आणि मातीवर फक्कीने पावलांच्या खुणा करून ठेवल्या की बोलावंही लागत नाही. रांगेतली मुलंच "डावा, डावा" म्हणून एकमेकांना ओरडायला लागतात. ही ओरड सुरू झाली की समजायचं, आता हा संघ होतोय.

कोर्ट चांगलं नाही. बोर्ड एकच आहे. काय करायचं?

नियमाचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. इतकं सगळं मिळेपर्यंत थांबू नका. एक बोर्ड म्हणजे अर्धं कोर्ट, आणि अर्ध्या कोर्टावर थ्री बाय थ्री (दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू) पूर्ण खेळता येतं. १० मिनिटं किंवा २१ गुण, १२ सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायचा. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमधला प्रकार आहे.

रिंगची उंची मात्र टेपने मोजाच. मैदानात मुरूम टाकला, सिमेंटचा थर वाढला की उंची कमी होते आणि मुलांचा हात चुकीच्या उंचीला बसतो. मग परगावी खेळताना सगळे शॉट आखूड पडतात आणि कारण कुणालाच कळत नाही. खडबडीत सिमेंटवर चामड्याचा बॉल टिकत नाही. सरावाला रबरी वापरा आणि चांगला बॉल सामन्यासाठी ठेवा. मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर.

उन्हाळ्यात पारा ४० ओलांडतो तेव्हा सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, एवढाच वेळ. तापलेल्या सिमेंटवर दुपारी सराव घेऊ नये, कितीही मोठी स्पर्धा असो.

मुलींचा संघ बांधायचा आहे. घरचे पाठवत नाहीत.

घरी जा. फोनवर हे काम होत नाही. आईशी बोला, आजी असेल तर आधी आजीशी. सराव किती वाजता सुटणार, शेवटची एसटी किती वाजता आहे, परगावी सोबत कोण येणार, मुक्काम कुठे, हे चार प्रश्न ते विचारतातच, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे. नसेल तर संघ नेऊ नका. सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा, तुमच्या सोयीने नको. माझा अनुभव असा आहे की एका वाडीवरची एक मुलगी विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून घरी गेली की पुढच्या वर्षी त्याच वाडीवरून दोन-तीन जणी स्वतःहून येतात.

मुलींनीही प्रशिक्षक व्हायला यावं, हे मी प्रत्येक स्पर्धेत सांगतो. पॅट समिट १९७४ मध्ये २२व्या वर्षी अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या प्रशिक्षक झाल्या. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी त्या स्वतः चालवायच्या आणि खेळाडूंचे कपडे स्वतः धुवायच्या. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा त्यांच्या नावावर १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं होती.

पालक म्हणतात, खेळून काय मिळणार? लातूरला तर सगळे नीटच्या मागे असतात.

लातूरला अकरावीत आलेली सहा फुटी मुलं क्लासच्या गर्दीत हरवतात, हे खरं आहे. पालकांशी वाद घालू नका. त्यांना दिवसातले दीड तास मागा आणि ते दीडच ठेवा. परीक्षेच्या महिन्यात स्वतःहून सुट्टी द्या. मुलाचे गुण घसरले तर पहिला फोन तुमचा गेला पाहिजे.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, हे सांगा. मात्र 'खेळलं की नोकरी पक्की' असं कधीही बोलू नका. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुमच्याच मैदानावर १६०० मीटर मारत असतात, त्यांच्याशी भांडण न करता त्यांनाही संघात ओढा. दम त्यांच्याकडे असतोच.

उंच मुलाला वेळेत ओळखणारं कुणीतरी लागतं. सतनाम सिंग हा पंजाबमधल्या बल्लो के या छोट्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. लुधियानाच्या अकादमीत तो लहानपणी पोचला आणि २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला.

वर्षभराचं काम कसं असतं?

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की प्रवेशाच्या रांगेतच उंच, चपळ मुलं हेरायची. पावसाळ्यात निवड आणि पायाभूत सराव. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाची निवड चाचणी, शिबिर. त्यानंतर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' ही वेगळी. खेळाडू २५ वर्षांच्या आतला आणि नियमित विद्यार्थी हवा, म्हणून कागद जुलैतच तपासून घ्या.

आपल्या भागाची खरी अडचण अशी की हाच काळ कापसाच्या वेचणीचा आणि ऊसतोडीला जाण्याचा. बीडच्या मुलाचे आईवडील कारखान्यावर गेले की घर, म्हातारी माणसं आणि धाकटी भावंडं त्याच्यावर पडतात. तो सरावाला आला नाही म्हणून नाव कापण्याआधी एकदा विचारा. दिवाळीपूर्वी जास्त सराव उरकणं आणि त्या मुलाला वसतिगृहात जागा मिळवून देणं, हे प्रशिक्षकाच्याच कामात येतं.

अमेरिकेत कॉलेजचे प्रशिक्षक एवढे मोठे होतात. आपल्याकडे तसं कधी होईल?

तिथे हे स्वतंत्र पद आहे. हाताखाली सहायक असतात, देशभर फिरून खेळाडू आणायचे असतात, आणि संघ हरत राहिला की नोकरी जाते. आपली व्यवस्था तशी नाही.

घेण्यासारखं वेगळंच आहे. जॉन वुडन हे शाळेत इंग्रजी शिकवत प्रशिक्षक झाले. यूसीएलए विद्यापीठात १९४८ मध्ये आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये. त्यानंतर १९७५ पर्यंत १२ वर्षांत १० विजेतेपदं. मोसमाच्या पहिल्या सरावाला ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बसतो. आपल्याकडे पहिल्यांदा बूट घेतलेला मुलगा 'वाढतं अंग आहे' म्हणून एक नंबर मोठा बूट आणि पातळ नायलॉनचे मोजे घालून येतो. तिसऱ्या दिवशी टाच सोलते आणि तो लाजून सरावालाच येत नाही. पहिल्या दिवशी बूट-मोजे बघा.

प्रमाणपत्रावर सही मागतात. 'सर, एवढं करा' म्हणतात. काय करावं?

खेळलेल्यालाच द्यावं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं मराठवाड्यातच गाजलेली आहेत. आरक्षणातून नोकरी घेताना क्रीडा उपसंचालक कार्यालयात पडताळणी होते, तिथे जुन्या स्पर्धेचे कागद मागतात. सामन्याचे स्कोअरशीट, संघाची यादी, निवडपत्र हे सगळं फाइलला लावून ठेवा. खऱ्या खेळाडूचंही काम कागद नसल्यामुळे अडतं.

पंच झालो तर फायदा आहे का?

आहे. राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या. थोडे पैसे मिळतात, नियम पक्के होतात आणि इतर जिल्ह्यांचे संघ जवळून बघायला मिळतात.

वय ३५ झालं. शाळेत शिकवतो. आता सुरू केलं तर उशीर झाला का?

क्रीडा संचालक होण्यासाठी कदाचित झाला असेल, प्रशिक्षक होण्यासाठी नाही. शाळेतली सातवी-आठवीची वीस मुलं घ्या आणि त्यांना बारावीपर्यंत सोडू नका. जवळच्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटा, त्यांना दरवर्षी तयार खेळाडू हवेच असतात. ते आपलं कोर्ट संध्याकाळी वापरायला देतील. मेच्या सुट्टीत एनआयएसचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करा. अर्जासोबत खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात, तेव्हा तुमच्या कॉलेजच्या दिवसांतली आत्ताच शोधून झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा.